पुस्तक भारी होतं यार!

कादंबरीवरचा मराठी सिनेमा बघायला गेलात की इंटरव्हलला पॉपकॉर्नच्या रांगेत एक प्रयोग करून बघा. काही करायचं नाही, फक्त कान उघडे ठेवायचे. दोन मिनिटांत कोणीतरी ते वाक्य टाकणारच, 'पिक्चर ठीकाय, पण पुस्तक भारी होतं यार!' बरोबरचे दोघं-तिघं एकदम चूप. कारण त्यांनी पुस्तक वाचलेलं नसतं. ज्यानं वाचलंय त्याची कॉलर टाइट. मग पार्किंगपर्यंत तो काय काय गाळलं, कोणाला उगाच घुसवलं आणि शेवट कसा फिरवला याची यादी ऐकवत राहतो.

'दुनियादारी'च्या वेळी, २०१३ साली, हे भांडण सॉलिड रंगलं होतं. एकीकडे सुहास शिरवळकरांची कादंबरी उशाशी घेऊन झोपलेली पिढी आणि दुसरीकडे तोच पिक्चर तिसऱ्यांदा बघायला निघालेली पोरं. दोघांनाही वाटायचं, खरी 'दुनियादारी' आपलीच. आमच्या घरात मामा एका पार्टीत आणि माझी मामेबहीण दुसऱ्या. बापलेकीच्या या वादात आमची अख्खी दिवाळी गेली.

पण सिनेमानं पुस्तकाशी प्रामाणिक राहायचं म्हणजे नेमकं कशाशी? गोष्टीशी? पात्रांच्या नावांशी? शेवटाशी? का आणखी कशाशी? एरवी हा वाद मी पण टाइमपास म्हणूनच घातला असता. यंदा मात्र तो थेट माझ्या पोटापाण्याशी येऊन भिडला. आणि आला कुठून, तर आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातून! म्हणून आज या पानावर कॉफी, कॅफे, वीकेंड गेटवे सगळं बाजूला. आज फक्त पुस्तक आणि पिक्चर.

आधी थोडा होमवर्क

'सिंहासन' घ्या. साल १९७९. अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्या, विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. दोन पुस्तकांचा एक सिनेमा करायचा म्हणजे कापाकापी आलीच. पण निळू फुल्यांचा दिगू टिपणीस एकदा पडद्यावर आला की कुठली पानं गळली याची आठवणही राहत नाही.

'जोगवा' तर त्याच्याही पुढे गेला. २००९ च्या या सिनेमात राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्या आहेत आणि वर चारुता सागरांची 'दर्शन' ही कथा. तीन विहिरींचं पाणी एका घागरीत! तरी सिनेमा एकजीव वाटतो, कारण जोगते-जोगतिणींचं जगणं त्यातून कुठे सुटत नाही.

आणि आपल्या सगळ्यांची लाडकी 'शाळा'. मिलिंद बोकिलांच्या या कादंबरीवर आधी हिंदीत 'हमने जीना सीख लिया' आला, २००७ मध्ये. मग २०१२ मध्ये सुजय डहाकेचा मराठी 'शाळा' थिएटरात लागला आणि त्याच्या पटकथेसाठी अविनाश देशपांडे निगडी यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मूळ कादंबरी एकच, सिनेमे दोन. यातला कुठला तुम्हाला आठवतो हे मी सांगायची गरज नाही. कादंबरी म्हणजे मुकुंद जोशीच्या डोक्यात सतत चाललेली बडबड. ती बडबड कॅमेऱ्याला दिसत नाही. पण त्याच्या बदल्यात पडद्याकडे चेहरे असतात, न बोलता झालेली नजरानजर असते. पुस्तकातलं एक गेलं, त्याच्या बदली सिनेमानं त्याच्याजवळचं दुसरं दिलं.

म्हणजे फंडा क्लिअर आहे. गोष्ट कापली तरी चालतं, जोडली तरी चालतं, दोन पुस्तकं मिसळली तरी चालतं. मग बिघडतं कुठे?

जंगलात शिरलं की

बिघडतं ते जंगलात शिरल्यावर. का, ते सांगते.

सत्यजित रे यांचा 'अरण्येर दिनरात्रि', १९७० चा. सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवरचा. कलकत्त्याची चार पोरं पालामूच्या जंगलात चार दिवस मजा करायला जातात. कादंबरीत ती रेल्वेनं जातात, रेंनी त्यांना मोटारीत बसवलं. वाटायला बारीकसा बदल, पण मोटार आली की खिशात पैसा आला आणि पैसा आला की पात्रांचा वर्गच बदलला. सुनीलबाबूंना हे रुचलं नव्हतं. जगानं मात्र सिनेमा डोक्यावर घेतला. २०२५ मध्ये त्याची नव्यानं दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली.

आता त्याच सिनेमातली दुली बघा. ही संथाळ मुलगी. भूमिका केलीय सिमी गरेवालनं, अंगाला काळा रंग फासून. लेखक-दिग्दर्शकाच्या वादात सगळी चर्चा चार शहरी पोरांची. मोटार की रेल्वे, बेकार की नोकरदार. दुलीशी सिनेमा प्रामाणिक होता का, हा प्रश्न कितीतरी उशिरा विचारला गेला.

आपल्याकडचा 'जैत रे जैत' पण आठवा. १९७७, गो. नी. दांडेकरांची कादंबरी, पुन्हा जब्बार पटेलच. कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरांची गोष्ट. पुस्तकाच्या पानावर गाणं वाजत नाही, सिनेमानं ते ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत घेऊन वाजवलं. मोहन आगाशे, स्मिता पाटील... आजही ती गाणी ट्रेकला गेलेला प्रत्येक ग्रुप गातोच. सिनेमा म्हणून माझा फेव्हरेट. तरीही एक गोष्ट नजरेआड होत नाही. ठाकरांच्या गोष्टीत मुख्य भूमिकांत ठाकर कोणी नाही. पन्नासेक वर्षांपूर्वी ते चालून गेलं. आज कोणी त्याच वाटेनं जायला निघालं तर मात्र आपण थांबवून विचारायला पाहिजे.

'फक्त हिरो आपल्यातला पाहिजे'

आता माझ्यावर काय गुदरलं ते. एका प्रॉडक्शन हाउसकडून मित्राच्या मित्रामार्फत कॉल आला. वेब सीरिज करायचीय, गडचिरोलीवर. एखादी तिकडची कादंबरी घ्यायची आणि तिच्यावर दहा पानांची नोट बनवायची. तुम्ही चंद्रपूरच्या ना? परफेक्ट! पैसे ऐकून मी फोन दुसऱ्या कानाला लावला. माझ्यासारख्या फ्रीलान्सरचं सहा महिन्यांचं घरभाडं निघेल एवढे होते.

मग व्हिडिओ कॉलवर मीटिंग झाली. समोरचे तिघंही एकदम गोड. जंगल एकदम रॉ पाहिजे. ड्रोन शॉट्स पाहिजेत. गोटूल आलंच पाहिजे, व्हिज्युअली जबरदस्त असतं म्हणे! (गोटूल म्हणजे गावातल्या तरुण पोरापोरींची एकत्र जमायची, शिकायची, नाचगाण्याची जागा. शहरी डोक्यात त्या शब्दाबरोबर काय काय येतं ते मला पडद्यावरच्या त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं.) कादंबरीशी आपण एकदम फेथफुल राहू, हं. फक्त एक छोटा बदल. हिरो आदिवासी नको, शहरातून आलेला एखादा पत्रकार किंवा डॉक्टर करू. प्रेक्षकाला कोणीतरी आपल्यातला वाटला पाहिजे ना!

मी विचारलं, भाषा कुठली ठेवणार? उत्तर आलं, हिंदीच, थोडा ट्रायबल टच देऊन.

ट्रायबल टच! मला तो शब्द रात्रभर टोचत राहिला.

वाटा अनेक, हिरो एक

शहरातून आलेला डॉक्टर ही कल्पना काही त्यांनी हवेतून काढली नव्हती. तसा सिनेमा आमच्याकडे येऊन गेलाय. 'डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रियल हिरो', २०१४, दिग्दर्शन समृद्धी पोरेंचं. नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी. भामरागडजवळच्या हेमलकशात डिसेंबर १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, पुढे २००८ मध्ये डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमट्यांना मॅगसेसे मिळाला, ही सगळी कहाणी महाराष्ट्राला पाठ आहे. चांगला सिनेमा आहे. आमच्या आईनं दोन रुमाल ओले केले.

याच आयुष्यावर प्रकाश आमट्यांचं स्वतःचं पुस्तक आहे, 'प्रकाशवाटा'. आता दोन्ही नावं शेजारी ठेवा. पुस्तकाच्या नावात 'वाटा' आहेत, अनेकवचनी. प्रकल्पाच्या नावात 'लोक' आहेत आणि 'बिरादरी' पण आहे. सिनेमाच्या नावात 'हिरो' आहे, एकवचनी. पुस्तकात बरोबरचे कार्यकर्ते आहेत, पहिल्यांदा उपचाराला यायलाही घाबरणारे लोक आहेत आणि त्यांची भाषा शिकल्याशिवाय दवाखाना चालणार नाही हे उमगलेले डॉक्टर आहेत. यात कोणाचा दोष म्हणून मी सांगत नाहीये. दोन-अडीच तासांचा सिनेमा एका चेहऱ्याभोवती फिरणारच. आणि ती कहाणी खरोखरच त्या डॉक्टरांची होती. पण ज्या कादंबरीत मधोमध माडिया माणूस उभा आहे, तिच्यातही शहरातला पाहुणा घुसवायचा म्हणजे जरा जास्तच झालं ना?

कादंबरीच रूपांतर असते तेव्हा

अशी कादंबरी आहे. विलास मनोहरांची 'एका नक्षलवाद्याचा जन्म'. मनोहर स्वतः हेमलकशात वर्षानुवर्षं राहिलेले. त्यांचं 'नेगल' तुमच्यातल्या प्राणीप्रेमी मंडळींनी वाचलं असेल, हेमलकशातल्या बिबट्याचं आणि त्याच्या सोबत्यांचं पुस्तक. कादंबरी मात्र प्राण्यांची नाही. एक माडिया तरुण बंदुकीपर्यंत कसा पोचतो, त्याची गोष्ट. शीर्षकातच सगळं आलंय, आणि जोर 'जन्म' या शब्दावर आहे.

माझी नोट मी मनाशी याच पुस्तकावर लिहून बघायला घेतली. मीटिंगमध्ये मी त्याचं नाव घेतलं नव्हतं आणि हक्क कोणाकडे आहेत वगैरे फार पुढच्या गोष्टी. मला फक्त बघायचं होतं, की प्रामाणिक राहायचं म्हटलं तर काय काय करावं लागेल.

आणि पहिल्याच पानावर अडले. हा तरुण मराठीत विचार करतोय!

साहजिकच आहे, पुस्तक मराठी आहे. पण माडिया माणूस मराठीत विचार करत नाही. माडिया ही गोंडीच्या कुळातली बोली, द्राविडी. म्हणजे नात्यानं मराठीपेक्षा तेलुगूला जवळ. आश्रमशाळेत पहिलीला बसलेल्या माडिया पोराला मराठी जवळजवळ परकी असते. गोंडी लाखो लोक बोलतात, तरी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला अजून जागा नाही. लेखकानं वाचकासाठी त्या तरुणाचं मन मराठीत आणलं, आणखी तो काय करणार? म्हणजे आपण जिला 'मूळ' म्हणतो ती कादंबरी स्वतःच एक भाषांतर आहे. ज्याचं मूळ कधी कोणी लिहिलंच नाही, असं.

हे लक्षात आलं आणि पॉपकॉर्नच्या रांगेतला तो सगळा वादच माझ्यासाठी उलटा झाला. आपण नेहमी धरून चालतो, की पुस्तक शंभर टक्के आणि सिनेमा त्यातले जमतील तेवढे टक्के. पण इथे सिनेमाला पुस्तकापेक्षा जास्त प्रामाणिक होता येतं! कारण सिनेमाकडे आवाज आहे. पडद्यावर तो तरुण माडियात बोलू शकतो आणि खाली मराठी ओळ येऊ शकते. फॉरेस्ट गार्ड, पोलीस, ठेकेदार मराठीत किंवा हिंदीत ओरडतायत, त्याला निम्मं कळत नाहीये आणि त्याचं तर कोणालाच कळत नाहीये, हे कादंबरीला सांगावं लागतं. सिनेमात ते नुसतं ऐकू येईल. प्रेक्षकाला पण तेवढंच कळेल, तेवढंच कळणार नाही. आणि तिथे हिंदी 'ट्रायबल टच' लावला, की गोष्टीचं कारणच संपलं. सगळे एकच भाषा बोलत असतील तर एवढा गैरसमज झाला कशाला?

सबटायटल कोण वाचतं?

हा प्रश्न मीटिंगमध्ये आलाच असता, म्हणून उत्तर तयार ठेवलं. बॉस, सगळेच वाचतात! 'पॅरासाइट' हा कोरियन सिनेमा २०२० मध्ये बेस्ट पिक्चरचं ऑस्कर घेऊन गेला. आमच्या ग्रुपमधल्या अर्ध्या पोरी कोरियन सीरिजवर जगतात, आणि त्यांना कोरियन येतं ते 'सारांघे' एवढंच.

घराजवळचं उदाहरण पाहिजे? 'न्यूटन', २०१७. गडचिरोलीची हद्द ओलांडली की लागणाऱ्या छत्तीसगडमधली गोष्ट. कादंबरीवरचा नाही, पण त्यातली मलको, म्हणजे आपली अंजली पाटील, गोंडी जाणणारी शिक्षिका आहे आणि निवडणूक अधिकाऱ्याचं मतदारांशी बोलणं तिच्याशिवाय पुढे सरकत नाही. भाषा न कळणं हीच त्या सिनेमाची अर्धी गंमत आणि अर्धं दुखणं.

आणि सगळ्यात मोठा पुरावा हॉलिवुडचा. 'डान्सेस विथ वुल्व्ज', १९९०, केव्हिन कॉस्टनरचा. मायकल ब्लेकच्या कादंबरीत जमात आहे कोमांची. सिनेमात झाली लाकोटा! पॉपकॉर्नच्या रांगेतल्या आपल्या मित्राला चक्कर येईल असा बदल. आणि तो पटकथेत स्वतः ब्लेकनंच केला. पण त्यानंतर त्यांनी काय केलं बघा. लाकोटा पात्रं लाकोटातच बोलली, खाली इंग्रजी ओळी. भाषा शिकवायला लाकोटा शिक्षिका आणली, डोरिस लीडर चार्ज, आणि तिनं सिनेमात कामही केलं. सात ऑस्कर मिळाली, त्यातलं एक ब्लेकला, रूपांतरित पटकथेसाठी.

अर्थात तिथेही मधोमध गोरा सैनिकच होता. आणि एक धमाल चूक पण राहिली. लाकोटात बाई आणि पुरुष यांची बोलायची रूपं वेगळी असतात. शिकवताना ते सोपं केलं गेलं आणि पडद्यावरचे रांगडे योद्धे बायकांच्या रूपात बोलत राहिले. रसेल मीन्स या लाकोटा कार्यकर्त्यानं हे हसत हसत सगळ्यांना सांगितलं. मराठी कानांना हे चटकन कळेल. मिशीवाला पैलवान 'मी आले, मी गेले' म्हणतोय, आणि थिएटरात फक्त आपल्यालाच हसू येतंय! म्हणून भाषा आणायची तर ती बोलणारी माणसं शूटिंगच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पाहिजेत. आठवडाभराचं वर्कशॉप पुरत नाही.

कलाकार कुठून आणणार?

'पण तिकडे ॲक्टर कुठे मिळणार?' हा पुढचा प्रश्न. हे ऐकून आमचा मामा खुर्चीतून पडला असता. अहो, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा हा अख्खा पट्टा नाटकवेडा आहे. झाडीपट्टी रंगभूमी म्हणतात तिला. दिवाळी झाली की सुरू, होळीपर्यंत दम नाही. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा-देसाईगंज हे तिचं हेडक्वार्टर, तिथे नाटक मंडळ्यांची ऑफिसं आहेत. दिवसा शंकरपट, रात्री नाटक. रात्री उशिरा पडदा उघडतो तो पहाटेच बंद होतो, आणि थंडीत कानाला मफलर गुंडाळून हजारो माणसं जमिनीवर बसून बघतात. याच रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तृषांत इंगळेचा 'झॉलीवूड' हा सिनेमा २०२२ मध्ये याच दुनियेवर आला होता.

मामानं सांगितलेलं एक वाक्य इथे देते. 'नाटकात आमच्या गावचं माणूस चुकीचं बोललं ना, तर लोकं उठून जातेत वं. तिकिटाचे पैसे बी वापस मागतेत.' यापेक्षा सोपी कसोटी मला मास कॉमच्या दोन वर्षांत कोणी शिकवली नाही. ज्यांची गोष्ट आहे ते समोर बसलेत आणि त्यांना उठून जायची मोकळीक आहे. वेब सीरिजचा प्रेक्षक लांब, सोफ्यावर. ज्यांची गोष्ट, ते तर त्या कंपनीच्या हिशेबातच नाहीत.

झाडीपट्टीची बोली वेगळी आणि माडिया वेगळी, हे मलाही माहितेय. पण तालुक्याच्या गावचा दुकानदार, फॉरेस्टचा शिपाई, एसटीचा कंडक्टर ही पात्रं वडशाचा नट जशी करेल तशी अंधेरीचा करणार नाही. आणि माडिया पात्रांसाठी माडिया मुलंमुली आहेत की! शिकलेली आहेत, नर्स आहेत, शिक्षक आहेत, मोबाइलवर व्हिडिओ बनवणारी आहेत.

त्यातलीच एक माझी मैत्रीण आहे. भामरागड तालुक्यातली, नागपूरला नर्सिंग करते. मी तिला या सीरिजचं सांगितलं तेव्हा ती चहा पीत शांतपणे म्हणाली, 'सिनेमात आमची माणसं नाचतात, मरतात, नाही तर झाडामागून बघतात. बोलत कधीच नाहीत.' नंतर तिनं ड्यूटीचा विषय काढला. मी मात्र त्या वाक्यावरच अडकून बसले.

साल बदलायचं नाही

आणखी एक गोष्ट मला नोटमध्ये घालावीशी वाटली. ही कादंबरी गेल्या शतकातली आहे. तेव्हापासून आमच्या जंगलात बरंच काही घडलंय. २००६ मध्ये वनहक्क कायदा आला. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपला बांबू आपण विकायचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हातात आले. सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिजाचे ट्रक सुरू झाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती या माओवाद्यांच्या बड्या नेत्यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली.

मग हीच गोष्ट उचलून आजच्या गडचिरोलीत टाकली तर? मोबाइल टॉवर, ड्रोन आणि मधोमध तेव्हाचा तरुण? तो खोटाच वाटणार, आणि आजच्या तिथल्या पोरांवर अन्यायही होणार. कारण बघणारा सोफ्यावरून म्हणणार, अरे, गडचिरोली म्हणजे अजून हेच! साल गाळणं म्हणजे गोष्ट गाळण्यापेक्षा वाईट. 'शाळा'मधून आणीबाणी काढली तर काय उरेल, तसंच.

मग नोटचं काय झालं?

लिहिली. दहा नाही, चारच पानं झाली. कादंबरीचं नाव मी लिहिलं नाही. कुठलीही घेतलीत तरी या तीन अटी पाळा, एवढंच लिहिलं. एक, माडिया पात्रं माडियात बोलतील आणि त्यासाठी भाषेची माणसं लेखनापासून एडिटिंगपर्यंत टीममध्ये असतील, पगारावर. दोन, गोष्ट ज्याची आहे तोच मधोमध राहील. शहरातला पाहुणा पाहिजेच असेल तर त्यानं कडेला उभं राहून भाषा शिकावी. तीन, साल पहिल्याच फ्रेमवर लिहायचं. बाकी प्रसंग कापा, दोन पात्रांचं एक करा, शेवट अलीकडे ओढा. माझी काही हरकत नाही.

तिकडून मेसेज आला, 'लव्हड इट! टीमशी बोलून कळवतो.' आज या गोष्टीला दोन महिने झाले. अर्थ तुम्हाला कळला असेलच. घरभाड्यासाठी मी सध्या एका बिल्डरच्या ब्रोशरचं काम घेतलंय, त्यात 'निसर्गाच्या कुशीत' हा शब्दप्रयोग सात वेळा आलाय. आई म्हणते, एवढं ताणायला नको होतं. मामा म्हणतो, बरं केलंस. मैत्रिणीला मी अजून काही सांगितलेलं नाही.

पण ती चार पानं मी डिलीट केलेली नाहीत. कोणीतरी कधीतरी हा सिनेमा करेलच, आणि मग मी पण पॉपकॉर्नच्या रांगेत उभी असेन. तिथे 'पुस्तक भारी होतं यार' म्हणायच्या आधी मी दोन गोष्टी बघेन. ज्याची गोष्ट आहे तो पडद्यावर बोलतोय का? आणि त्याच्या गावचं कोणी थिएटरात बसलं असतं तर उठून गेलं असतं का?

तोवर तुमच्यासाठी वीकेंडचा बेत. 'प्रकाशवाटा' किंवा 'एका नक्षलवाद्याचा जन्म', यातलं जे हाताला लागेल ते वाचा. आणि जानेवारीत सुट्टी टाकून ताडोब्याला वाघ बघायला याल, तेव्हा एक रात्र जास्तीची ठेवा. वडशाच्या आसपास कुठल्या गावात नाटक आहे ते चहाच्या टपरीवर कोणीही सांगेल. स्वेटर मात्र आणा, पहाटे जाम थंडी असते.